संगणक बदलताना टपालाचं काय?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे असंख्य संगणक एका तारखेनंतर बदलायच्या यादीत गेले. सीएंची कार्यालयं, वकिलांच्या कचेऱ्या, भोसरीतले लहान कारखानदार, माल परदेशी पाठवणारे व्यापारी, प्रकाशक, भाषांतरकार, गृहनिर्माण संस्थांचे सचिव यांच्यापैकी बरेच जण आजही आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या, संगणकावरच बसवलेल्या प्रोग्राममध्ये आपला मेल वाचतात. त्यांच्यासाठी संगणक बदलणं म्हणजे दहा-वीस वर्षांचा पत्रव्यवहार उचलून दुसरीकडे नेणं.

तो नेताना गडबड होते, कारण मेल डोळ्यांसमोर नसतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, टॅलीचा डेटा हे सगळं आठवणीने कॉपी केलं जातं. मेल मात्र विंडोजमध्ये बहुतेक वेळा 'अ‍ॅपडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये असतो आणि तो फोल्डर मुळातच लपवलेला असतो. संगणक दुरुस्त करणारा मुलगा विचारतो, 'सी ड्राइव्हला काही आहे का? फॉरमॅट मारतोय.' आपण डेस्कटॉपकडे नजर टाकून 'काही नाही' म्हणतो, आणि पत्रव्यवहार जातो. प्रोग्राम केव्हाही पुन्हा उतरवून घेता येतो, मेल पुन्हा मिळत नाही. म्हणून या सगळ्या विषयाची सुरुवात एकाच प्रश्नापासून व्हायला हवी असं मला ठामपणे वाटतं: मेलची मूळ प्रत नेमकी कुठे आहे?

याचं उत्तर खातं कोणत्या काळात उघडलं यावर बरंच अवलंबून असतं. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. फोनच्या तारेवरून जोडणी, तासांचा हिशोब आणि सर्व्हरवर मेलसाठी अगदी तोकडी जागा असा तो काळ. जोडणी झाली की मेल खेचून घ्यायचा, सर्व्हर रिकामा करायचा, फोन ठेवायचा. या पद्धतीचा नियम म्हणजे पॉप. त्याची तिसरी आवृत्ती आजही चालते आणि तिचा 1996 साली ठरलेला मसुदाच अजून प्रमाण आहे. पॉपमध्ये पोस्टमन पत्र दारात टाकून जातो. पुढे ते सांभाळायची जबाबदारी घरमालकाची. दुसरी पद्धत आयमॅप. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी ती 1986 साली आखली. तिच्यात मूळ मेल सर्व्हरवरच राहतो आणि आपल्या संगणकावर त्याची फक्त प्रत येते. 1 एप्रिल 2004 रोजी जीमेल 1 जीबी जागा घेऊन आलं, त्यानंतर फोनवरही मेल वाचणं सुरू झालं, आणि बहुतेक लोक नकळत आयमॅपकडे वळले.

म्हणजे ज्यांचं खातं आयमॅपवर आहे त्यांना नव्या संगणकावर प्रोग्राम बसवून, पत्ता आणि पासवर्ड देऊन थोडा वेळ थांबलं की झालं. हे पुष्कळ अंशी खरं आहे. तरीही मी त्यावर निर्धास्त राहायला सांगणार नाही. अनेक वर्षं वापरलेल्या खात्यात सर्व्हरवर नसलेला मेलही साठलेला असतो. जागा भरत आली म्हणून कुणी जुना मेल थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये ओढून ठेवलेला असतो. आउटलुकच्या 'ऑटोआर्काइव्ह'ने जुना मेल उचलून 'आर्काइव्ह' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाकलेला असतो. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरचं खातं असेल तर मधल्या काळात होस्टिंग करणारी संस्था बदललेली असते आणि आधीचे मेल नव्या सर्व्हरवर आलेलेच नसतात. म्हणून जुन्या संगणकावर प्रोग्राम उघडून डावीकडची सगळी फोल्डरं एकदा खाली-वर तपासावीत. 'ऑन माय कॉम्प्युटर', 'लोकल फोल्डर्स' किंवा खात्याबाहेर वेगळं दिसणारं 'आर्काइव्ह' अशा नावाखाली जे दिसेल ते फक्त तुमच्याच डिस्कवर आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही.

मेल डिस्कवर कोणत्या रूपात ठेवला जातो यावर स्थलांतराची निम्मी अडचण ठरते. सर्वात जुनं आणि साधं रूप म्हणजे एमबॉक्स. युनिक्सपासून चालत आलेली ही रीत आहे: एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच लांबलचक मजकुराच्या फाइलमध्ये एकापाठोपाठ एक. साध्या नोटपॅडनेही ती उघडते. थंडरबर्ड तेच वापरतो. ईएमएल हे त्याचं सख्खं भावंड, एका मेलची एक फाइल. अ‍ॅपलच्या मेल प्रोग्रामचं ईएमएलएक्स त्याच्याच जवळचं आहे, आणि तिथून फोल्डर एमबॉक्समध्ये बाहेरही काढता येतो. याउलट आउटलुकचं पीएसटी हे सगळं एका बंद कप्प्यात ठेवणारं रूप. मायक्रोसॉफ्टने पुढे त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, लिनक्सवर ते उघडणारी मोफत साधनंही आहेत, पण फाइलचा थोडा भाग बिघडला तरी सगळं अडतं.

जुन्या प्रोग्रामचा इतिहास पाहिला की मी खुल्या रूपांचा इतका आग्रह का धरतो ते कळेल. युडोरा हा एके काळचा फार लोकप्रिय मेल प्रोग्राम स्टीव्ह डॉर्नर यांनी 1988 साली इलिनॉय विद्यापीठात लिहिला. पुढे क्वालकॉमने तो घेतला आणि 2006 मध्ये त्याचा पुढचा विकास थांबवला. त्याचे मेल मात्र एमबॉक्सच्या जवळच्या रूपात होते, त्यामुळे आजही ते वाचता येतात. त्याचा मूळ कोडही 2018 मध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सर्वांसाठी खुला केला. विंडोज एक्सपीसोबत घरोघरी आलेल्या आउटलुक एक्सप्रेसचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. त्याच्या डीबीएक्स फायली फोल्डरांच्या सातव्या-आठव्या पायरीवर लपलेल्या असत, एका फाइलला 2 जीबीची मर्यादा होती आणि त्या मर्यादेजवळ पोचलेली फाइल बिघडायची. त्यानंतर व्हिस्टाचा विंडोज मेल आला, मग विंडोज लाइव्ह मेल आला, त्याचा पाठिंबा जानेवारी 2017 मध्ये संपला. विंडोज 10 मधला मेल प्रोग्रामही 31 डिसेंबर 2024 रोजी बंद पडला. एकाच कंपनीच्या, साधारण वीस वर्षांतल्या या चार प्रोग्रामांचा मेल ठेवण्याचा ढंग एकसारखा नाही. ज्यांच्या माळ्यावर एक्सपीचा संगणक आहे त्यांनी तो अजून चालतोय तोवरच त्यातले मेल ईएमएल किंवा एमबॉक्समध्ये काढून घ्यावेत. रूपांतराचं काम शक्यतो जुन्याच संगणकावर करावं. आउटलुकमधून थंडरबर्डमध्ये थेट आयात करायची तर आउटलुक त्याच संगणकावर बसवलेलं असावं लागतं. नव्या संगणकावर नुसती फाइल नेऊन ते जमत नाही.

थंडरबर्ड हलवणं तुलनेने सरळ आहे, कारण मोझिलाने 2004 च्या डिसेंबरात पहिली आवृत्ती काढली तेव्हापासून त्याची रचना तीच आहे. मेल, पत्तापुस्तिका, गाळण्या, स्वाक्षऱ्या, जपलेले पासवर्ड, खात्यांची मांडणी हे सगळं एका 'प्रोफाइल' फोल्डरमध्ये असतं. तो फोल्डर शोधत बसायची गरज नाही. 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' या पानावर 'ओपन फोल्डर' असं बटण आहे, ते दाबलं की तो समोर उघडतो. मग थंडरबर्ड पूर्ण बंद करायचा आणि तो फोल्डर अख्खा उचलायचा. बंद करणं महत्त्वाचं आहे. प्रोग्राम चालू असताना पत्तापुस्तिकेच्या आणि शोधसूचीच्या डेटाबेस फायली अर्धवट लिहिलेल्या असू शकतात, आणि तशी घेतलेली प्रत नव्या ठिकाणी दगा देते. विंडोजवरून घेतलेलं प्रोफाइल लिनक्सवर किंवा मॅकवरही चालतं, ही या प्रोग्रामची मोठी जमेची बाजू.

फोल्डर नव्या संगणकावर ठेवला आणि थंडरबर्ड उघडला तर पुष्कळदा तो कोरा दिसतो, आणि इथेच लोक घाबरून चुकीचं काहीतरी करून बसतात. मेल कुठेही गेलेले नसतात. 2019 च्या 68 व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड प्रत्येक नव्या बसवणीसाठी स्वतःचं कोरं प्रोफाइल तयार करतो आणि तेच उघडतो. त्याला आपलं आणलेलं प्रोफाइल दाखवून द्यावं लागतं. प्रोग्रामच्या नावापुढे वजाचं चिन्ह आणि मोठा पी लिहून तो चालवला की प्रोफाइल निवडायची खिडकी येते, तिथे आणलेला फोल्डर नेमून द्यायचा. नव्या संगणकावरची आवृत्ती जुन्यापेक्षा जुनी असेल तर थंडरबर्ड ते प्रोफाइल उघडायला नकार देतो. तेव्हा जबरदस्ती न करता नवी आवृत्ती उतरवावी. उबुंटूच्या 24.04 पासून थंडरबर्ड स्नॅप या वेगळ्या डब्यात येतो आणि त्याचं प्रोफाइल नेहमीच्या जागी नसतं, हेही लिनक्सवाल्यांनी ध्यानात ठेवावं. अलीकडच्या आवृत्त्यांत 'एक्सपोर्ट'ची सोय आहे, पण ती 2 जीबीपर्यंतच उपयोगी पडते. इतकी वर्षं मेल वापरणाऱ्या माणसाचं प्रोफाइल एवढ्यात मावत नाही. अख्खा फोल्डर उचलणं हीच खात्रीची पद्धत.

आपल्याकडची एक सवय इथे आडवी येते. सी ड्राइव्ह केव्हाही फॉरमॅट होईल या भीतीने आपण डिस्कचे सी, डी, ई असे भाग करतो आणि महत्त्वाचं ते डीमध्ये ठेवतो. कुणी जाणत्याने मेलचा फोल्डरही डीवर हलवून दिलेला असतो. सवय शहाणपणाची आहे. पण अशा वेळी प्रोफाइलमध्ये फक्त पत्ता असतो, मेल डीवर असतात. प्रोफाइल नेलं आणि डी विसरला तर नव्या संगणकावर खात्यांची नावं दिसतात, मेल दिसत नाहीत. म्हणून 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये प्रत्येक खात्याच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'खाली 'लोकल डिरेक्टरी' असं लिहिलेलं असतं ते निघण्याआधी वाचावं.

प्रोफाइलच्या आत डोकावलं तर दोन गोष्टी ओळखीच्या करून घ्याव्यात. एमएसएफ शेपटीच्या फायली म्हणजे फक्त अनुक्रमणिका. त्या बिघडल्या तर पुसून टाकता येतात, थंडरबर्ड त्या पुन्हा बनवतो. त्याच नावाची पण शेपूट नसलेली मोठी फाइल म्हणजे मात्र खरा मेल, तिला हात लावू नये. पॉप खात्यांसाठी 'पॉपस्टेट' नावाची एक लहानशी फाइल असते. कोणता मेल आधीच उतरवून घेतलाय याची नोंद तिच्यात राहते. ती राहून गेली आणि सर्व्हरवर मेलच्या प्रती शिल्लक असल्या, तर सगळे मेल पुन्हा एकदा उतरतात आणि इनबॉक्समध्ये प्रत्येक पत्र दोनदा दिसायला लागतं. आयमॅपवर तुम्ही फोल्डरला मराठी नाव दिलं असेल तर डिस्कवर ते अँपरसँडने सुरू होणाऱ्या अगम्य रोमन अक्षरांत दिसतं. तो बिघाड नाही, आयमॅपचा जुना नियम आहे. ते नाव तसंच राहू द्यावं.

आउटलुकचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. पीएसटी आणि ओएसटी ही दोन नावं सारखी दिसतात, पण त्यांच्यातला फरक कळला की बहुतेक अपघात टळतात. पीएसटी ही तुमची मूळ फाइल. ती उचलून दुसऱ्या संगणकावर न्या, आउटलुकमध्ये उघडा, चालते. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत. ती त्या संगणकाशी आणि त्या खात्याशी बांधलेली असते, दुसरीकडे नेऊन उघडत नाही. त्यामुळे 'ओएसटी नेऊ नका, सर्व्हरवरून परत येईल' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. आउटलुक 2013 पासून आयमॅप खात्यांसाठी ओएसटी वापरलं जातं, आणि आयमॅप संपर्क किंवा कॅलेंडर वाहून नेत नाही. म्हणून अशा खात्यातले संपर्क आणि भेटींच्या नोंदी 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' अशा नावाच्या फोल्डरमध्ये, त्याच ओएसटीत पडून राहतात. ओएसटी टाकून दिली की ग्राहकांचे पत्ते तिच्याबरोबर जातात. हा धोका मला सगळ्यात घातक वाटतो, कारण मेल सगळे परत आलेले दिसतात आणि संपर्क गेल्याचं महिन्या-दोन महिन्यांनी कळतं, तोवर जुना संगणक विकलेला असतो. उपाय सोपा आहे. जुन्या संगणकावरूनच 'एक्सपोर्ट' करून सगळं खातं, संपर्क-कॅलेंडरसह, एका पीएसटीत काढून घ्यावं.

पीएसटीचा आकारही पाहावा. आउटलुक 2002 पर्यंतच्या जुन्या जातीच्या पीएसटीला 2 जीबीची मर्यादा होती. 2003 मध्ये नवी जात आली आणि 2010 पासून तिची ठरावीक मर्यादा 50 जीबी आहे. फाइल त्याच्या आसपास असेल तर वर्षांनुसार तुकडे करावेत. आउटलुकसोबत 'स्कॅनपीएसटी' नावाचं दुरुस्तीचं साधन येतं. हलवण्याआधी फाइलची एक प्रत काढून मग ते चालवावं. नव्या संगणकांवर डॉक्युमेंट्स फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हला आपोआप जोडलेला असतो आणि आउटलुकच्या पीएसटी तिथेच ठेवल्या जातात. चालू पीएसटी अशी सतत ढगात चढत-उतरत राहणं चांगलं नाही, तिला वनड्राइव्हबाहेर साध्या फोल्डरमध्ये ठेवावं. स्वाक्षऱ्या 'अ‍ॅपडेटा'तल्या 'सिग्नेचर्स' फोल्डरमध्ये वेगळ्या असतात आणि मेल आपोआप वेगवेगळ्या फोल्डरांत लावणारे नियमही वेगळे बाहेर काढावे लागतात. पासवर्ड तर मुळीच येत नाहीत.

2024 च्या ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टने 'नवं आउटलुक' पुढे केलं आहे आणि नव्या संगणकावर तेच आधीपासून असतं. जुन्या पीएसटी बाळगणाऱ्याने त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नये असं माझं मत आहे. पीएसटीची सोय त्यात टप्प्याटप्प्याने येते आहे, जुन्या आउटलुकइतकी पूर्ण नाही. शिवाय तुमचं खातं दुसऱ्या कंपनीचं असलं तरी त्याचे मेल मायक्रोसॉफ्टच्या ढगातून फिरवले जाऊ शकतात. जुनं, म्हणजे आता ज्याला 'क्लासिक' म्हणतात ते आउटलुक निदान 2029 पर्यंत सांभाळू असं कंपनीने सांगितलं आहे. तोवर मेल खुल्या रूपात काढून घ्यायला वेळ आहे.

मेल आले, खाती दिसू लागली, तरी नवा मेल येत नाही, अशी तक्रार पुढे हमखास येते. पासवर्ड बरोबर असतो, तरी सर्व्हर नाही म्हणतो. कारण मोठ्या सेवांनी नुसत्या पासवर्डवर प्रवेश देणं थांबवलं आहे. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी 30 मे 2022 पासून आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी सप्टेंबर 2024 पासून. आता प्रोग्राम ब्राउझरसारखी एक खिडकी उघडतो, तुम्ही तिथे लॉगिन करता आणि प्रोग्रामला परवानगी मिळते. ही पद्धत न समजणारे जुने प्रोग्राम वापरायचे असतील तर गूगलवर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा 'अ‍ॅप पासवर्ड' घ्यावा लागतो. म्हणून जुन्या संगणकाची वीज काढण्याआधी पडताळणीचा फोन नंबर अजून तुमच्याच हातात आहे ना, हे बघा. अनेक कार्यालयांत तो नंबर कधीच सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा असतो.

मराठी माणसाच्या मेलपेटीत आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि त्याची चर्चा कुठेही होत नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठीतला मजकूर श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरांच्या फॉन्टमध्ये लिहिला जाई. 'योगेश', 'सुरेख' ही नावं त्या काळात अक्षरजुळणी केलेल्या कुणालाही आठवतील. या फॉन्टमध्ये संगणक खरं तर रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचेच क्रमांक साठवत असे. फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार चढवत असे. मेल बिनचूक हलला, फाइल अक्षरशः तीच राहिली, तरी नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर कवितेच्या जागी चिन्हांचा ढीग दिसतो. दिवाळी अंकांचे संपादक, प्रकाशक, वर्तमानपत्रांत लिहिणारे यांच्या 2010 च्या आधीच्या मेलपेट्या अशा मजकुराने भरलेल्या आहेत, मेलमध्येही आणि अटॅचमेंटमध्येही. काही सॉफ्टवेअर तर डोंगल लावल्याशिवाय उघडत नसत, आणि ते डोंगल ज्या जुन्या पोर्टमध्ये बसायचं तो पोर्ट नव्या संगणकांना नसतो.

म्हणून जुन्या संगणकावरचा विंडोजचा 'फॉन्ट्स' फोल्डरही मेलसोबत कॉपी करावा. बहुतेक जुने मराठी फॉन्ट साध्या ट्रूटाइप रूपातले आहेत, ते विंडोज 11 वर बसतात आणि मजकूर लगेच वाचता येतो. त्यानंतर महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. त्यासाठी फॉन्टनिहाय परिवर्तकं मिळतात. जोडाक्षरांत आणि रफारात चुका राहतात, त्यामुळे एकदा नजरेखालून घालावं लागतं. मूळ मेल मात्र न बदलता तसाच ठेवावा. कोणत्या मेलमध्ये कोणता फॉन्ट होता याची माहिती बऱ्याचदा त्या मेलच्या आतच लिहिलेली असते, ती पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडेल.

मूळ मेल तसाच ठेवण्याचा आग्रह कायद्याच्या बाजूनेही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या सातव्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद जपली असं म्हणायचं तर ती पुढे वाचता यायला हवी, मूळ रूपात किंवा मूळ मजकूर अचूक दाखवणाऱ्या रूपात असायला हवी, आणि ती कुठून कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी गेली हे कळायला हवं. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी ठरवलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करायची तर ठरावीक प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मूळ उपकरणच मालकाने कोर्टात आणून दाखवलं तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये हे प्रमाणपत्र कायम आहे आणि त्यात फाइलचा 'हॅश', म्हणजे तिचा गणिती ठसा, नोंदवायचा असतो.

याचा स्थलांतराशी थेट संबंध आहे. जुने मेल स्वतःच्याच नव्या पत्त्यावर 'फॉरवर्ड' करून हलवणारे लोक आहेत. त्याने मूळ पाठवणारा, तारीख आणि मेल कोणत्या सर्व्हरमधून आला त्या नोंदी सगळ्या पुसल्या जातात. पीडीएफ करून ठेवणाऱ्यांचंही तेच होतं. एमबॉक्स, ईएमएल, पीएसटी या रूपांत किंवा आयमॅपमधून फोल्डर ओढून नेताना हे शीर्षक-तपशील टिकतात. पैशाचा किंवा कराराचा वाद असेल त्या मेलच्या फाइलचा एसएचए-256 ठसा हलवण्याआधी काढून ठेवावा. विंडोजमधल्या 'सर्टयुटिल' या आज्ञेने तो क्षणात मिळतो. असा वाद आधीच चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय जुना संगणक हलवूसुद्धा नये.

सगळा जुना पॉप-मेल ओढून एकदाचा जीमेलसारख्या आयमॅप खात्यात चढवून टाकावा, हा सल्लाही लोकप्रिय आहे. काम होतं, पण संयम लागतो. गूगलने वर्कस्पेस खात्यांसाठी आयमॅपवरून दिवसाला 500 एमबी चढवण्याची मर्यादा सांगितली आहे, आणि मोफत खात्याची 15 जीबी जागा फोटो आणि ड्राइव्हबरोबर वाटून घ्यावी लागते. मी त्याला दुसरी प्रत म्हणून मान्यता देईन, एकमेव प्रत म्हणून नाही. खातं बंद झालं किंवा कुणी बळकावलं तर वीस वर्षं एकाच दिवशी जातात.

प्रत्यक्ष वाहतुकीत एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट घात करते. जुने आणि लहान पेनड्राइव्ह बहुधा फॅट 32 पद्धतीने आखलेले असतात आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही, पेनड्राइव्ह 32 जीबीचा असला तरीही. थंडरबर्डचा इनबॉक्स ही एकच फाइल असल्याने ती नेमकी इथे अडते. घाईत कुणी 'स्किप' दाबलं की बाकी सगळं पोचतं आणि इनबॉक्स मागे राहतो. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये आखून घ्यावा किंवा बाहेरची हार्ड डिस्क वापरावी. आधी थंडरबर्डमध्ये फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केले तर पुसलेल्या मेलची अडगळ जाऊन फाइल बरीच लहान होते, मात्र ते करण्याआधी एक प्रत काढलेली असावी. जुना संगणक सुरूच होत नसेल तर त्याची डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या डबीत घालून वाचता येते. अलीकडच्या लॅपटॉपवर मात्र डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असू शकते, तेव्हा बिटलॉकरची 48 अंकी किल्ली लागते. ती आजच, संगणक चालू असताना, कागदावर लिहून ठेवावी. ऑनलाइन मिळणाऱ्या 'मोफत पीएसटी कन्व्हर्टर'ना मात्र हात लावू नये. तुमचा सगळा पत्रव्यवहार कुण्या अनोळखी प्रोग्रामच्या हाती देण्याइतकं ते काम अवघड नाही.

ब्रिटिश लायब्ररीने 2011 मध्ये कवयित्री वेंडी कोप यांचं दफ्तर विकत घेतलं तेव्हा त्यात सुमारे 40,000 ईमेल होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अशा मेलसंग्रहांच्या अभ्यासासाठी 'ईपॅड' नावाचं मोफत सॉफ्टवेअर तयार केलं आहे, आणि ते मेल मागतं ते एमबॉक्स रूपात. आपल्याकडे लेखकांची हस्तलिखितं आणि पत्रं जपणाऱ्या संस्था आहेत. पण 1996 नंतरचा मराठी लेखक, संशोधक, कार्यकर्ता ज्या पत्रांतून एकमेकांशी बोलला, भांडला, संपादकाशी हुज्जत घालून मजकूर बदलला, ती पत्रं माळ्यावरच्या आणि कपाटातल्या संगणकांत डीबीएक्स आणि पीएसटी फायलींमध्ये आहेत. घरातला असा माणूस गेल्यावर पहिल्यांदा भंगारात जातो तो त्याचा संगणक.

म्हणून घरच्यांना, सहकाऱ्यांना आणि संस्थांच्या चिटणिसांना एवढंच सांगणं आहे. नवा संगणक सुरू झाल्यावर जुना निदान तीन महिने जसाच्या तसा ठेवा. नव्यावर सगळ्यात जुना मेल उघडून पाहा, त्यातली अटॅचमेंट उघडते का बघा, मराठी अक्षरं दिसतात का बघा, संपर्क मोजा, प्रत्येक फोल्डरमधल्या मेलची संख्या जुन्याशी ताडा. मेलची एमबॉक्समधली एक प्रत फॉन्टसह वेगळ्या डिस्कवर काढून तिच्यावर नाव आणि वर्षं लिहा. एवढं झाल्यावरच जुनी डिस्क पुसायला द्या.